एकटीनं बोट लावताना

मे महिन्याच्या सुरुवातीला आमच्या बोट क्लबच्या धक्क्यावर भाड्यानं आणलेली क्रेन येते आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक बोटी पाण्यात सोडत राहते. स्टॉकहोमच्या आसपासचा समुद्र हिवाळ्यात गोठतो, त्यामुळे ऑक्टोबरात सगळ्या बोटी बाहेर काढायच्या, ताडपत्रीखाली झाकायच्या आणि वसंतात पुन्हा आत घालायच्या हा इथला वार्षिक उपद्व्याप आहे. आमच्या हर्णैला याच्या बरोबर उलट. तिथे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात आणि मंडळी जाळी विणत पावसाकडे बघत बसलेली असतात. मी नेमकी त्याच दिवसांत समुद्रावर निघाले, तेही एकटी. घरी हे कळल्यावर काय झालं ते पुढे सांगते.

माझी बोट फोकबोट या छोट्या शिडाच्या बोटींच्या घराण्यातली. या घराण्यातली पहिली लाकडी बोट १९४२ साली पाण्यात उतरली. माझी त्यानंतरच्या फायबरग्लासच्या पिढीतली, तरीही वयानं माझ्याहून मोठी. लांबी आठ मीटरला जराशी कमी, पाण्याखाली साधारण १.२ मीटर, आत ताठ उभं राहता येत नाही. पिछाडीच्या खाचेत एक छोटी पेट्रोल मोटार. या बोटीला स्वीडनमध्ये कुणी श्रीमंत म्हणत नाही. जुन्या मोटारगाडीच्या किमतीत ती मिळते, आणि एकट्या माणसाच्या हाताला तिची सगळी दोरकामं पेलतात. मोठी बोट घेऊन एकट्यानं जाणारेही आहेत, पण त्यांच्याकडे बटणं असतात.

स्टॉकहोमपासून पूर्वेला सुमारे ३०,००० बेटं आणि खडक पसरलेले आहेत. ‘बेट’ म्हणताना नारळीची झाडं डोळ्यांसमोर आणू नयेत. आतल्या बाजूची बेटं मोठी, पाइनच्या झाडांची, लाल लाकडी घरांची. बाहेर जाऊ तसतशी झाडं खुरटी होत जातात आणि शेवटी उरतो तो नुसता ग्रॅनाइट, तळ्यात बसलेल्या म्हशींच्या पाठींसारखा. हे खडक हिमयुगातल्या बर्फानं घासले. बर्फ सरकला उत्तरेकडून, म्हणून बहुतेक खडकांची उत्तरेची बाजू गुळगुळीत आणि उतरती, तर दक्षिणेची तुटकी आणि उभी. भूगोलाच्या पुस्तकातली ही गोष्ट मला रोज संध्याकाळी कामाला आली, कारण बोट लावायला उभा खडक लागतो. बर्फाचं ओझं उतरल्यावर जमीन अजूनही वर येतेच आहे, इथे वर्षाला चार-पाच मिलिमीटर. शे-दीडशे वर्षांपूर्वी बांधलेल्या काही होडीघरांच्या दारात आता गवत उगवतं.

आणि भरती-ओहोटी नाही. बाल्टिक समुद्र जवळपास बंदिस्त आहे, त्यामुळे पाणी वरखाली होतं ते हवेच्या दाबानं आणि वाऱ्यानं, तेही बहुतेकदा वीतभर. कोकणातल्या माणसाला हे पटतच नाही. पहिल्या वर्षी मी बोट बांधताना सवयीनं दोर ढिला सोडायचे आणि क्लबातले म्हातारे हसायचे.

काकांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी हा भरतीचा मुद्दा बाजूलाच ठेवला. काकांचं आयुष्य मासेमारीच्या बोटीवर गेलं. आमच्या घरात बायका मासळी विकतात, समुद्रावर पुरुष जातात, आणि पुरुषसुद्धा एकटे जात नाहीत.

“कोण कोण हाय बरोबर?”

“कुणी नाही, काका. एकटीच.”

बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं रागावले. मग म्हणाले, “आन् मग सुकाणू सोडून शीड कोण ओढतं?”

बाकी सगळ्यांनी विचारलं होतं की भीती वाटत नाही का, खायचं काय, चोर येतात का. खरा प्रश्न फक्त काकांनी विचारला. शिडाच्या बोटीवर एका वेळी दोन ठिकाणी हात लागतात, आणि एकटीला एकच जागा मिळते. त्याला दोन उपाय आहेत. एक, सुकाणूच्या दांड्याला अडकवायचा विजेचा छोटा यंत्रदांडा. त्यात होकायंत्र असतं, दिशा दिली की तो दांडा पुढेमागे करत बोट त्या दिशेला धरून ठेवतो. शीड चढवायला तीन-चार मिनिटं मिळतात. दुसरा उपाय जुना आणि माझ्या जास्त आवडीचा. पुढचं छोटं शीड मुद्दाम उलट्या बाजूला धरायचं, मागचं मोठं शीड ढिलं करायचं आणि सुकाणू असं बांधायचं की बोट वाऱ्याकडे वळू पाहील. पुढचं शीड तिला एकीकडे ढकलतं, सुकाणू दुसरीकडे, आणि बोट समुद्राच्या मधोमध जवळजवळ उभी राहते, हळूहळू आडवी सरकत. ज्या लाटा मघाशी अंगावर येत होत्या त्याच एकदम निवांत होतात. चहा करता येतो, नकाशा बघता येतो, शीड आखडता येतं. काकांना हे समजावून सांगितलं तर म्हणाले, “हां, मग ठीक हाय.” परवानगी मिळाली असं मी धरलं.

सांगितलं नाही ते एवढंच, की जूनच्या सुरुवातीला बाहेरच्या बेटांजवळचं पाणी दहा-बारा अंशांचं असतं. बोटीवरून पडलं आणि बोट त्या यंत्रदांड्याच्या भरवशावर पुढे निघून गेली, तर पोहता येण्याचा उपयोग फार थोडा वेळ होतो. म्हणून क्लब सोडला की लाइफजॅकेट अंगावर, जॅकेटचा पट्टा बोटीला अडकवलेला, आणि पिछाडीला पाण्यातून हात घालून खाली ओढता येईल अशी शिडी. समुद्र आरशासारखा असला तरी हेच. खरं तर तेव्हाच जास्त, कारण तेव्हा माणूस सैल होतो.

वॅक्सहोल्मचा किल्ला मागे टाकून मी उत्तरेला फुरुसुंडच्या दिशेनं निघाले. हा भाग मला विशेष आवडत नाही. फिनलंडला जाणारी दहा-बारा मजली प्रवासी जहाजं याच अरुंद वाटेनं जातात, आणि त्यांच्या मागून येणारं पाणी काठाला आपटून परत फिरतं. एकटीनं तिथे करण्यासारखं काही नाही, कडेकडेनं जायचं आणि स्वयंपाक करायचा नाही.

जूनमधला वारा मात्र शिस्तीचा. सकाळी जवळजवळ नसतो. अकराच्या सुमारास जमीन तापली की समुद्रावरून वारा सुरू होतो, दुपारी सेकंदाला पाच-सहा मीटरपर्यंत जातो आणि संध्याकाळी मरतो. शाळेत ‘खारे वारे आणि मतलई वारे’ म्हणून पाठ केलेलं इथे घड्याळ लावून बघता येतं. त्यामुळे माझा बेत ठरलेला होता: दहाला नांगर उचलायचा, पाचच्या आत कुठेतरी बांधलेलं असायचं.

हा बेत पाळणं सर्वांत कठीण गेलं, आणि त्याचं कारण उजेड. या दिवसांत इथे पहाटे पावणेचारच्या आधीच सूर्य उगवतो, रात्री दहाच्या सुमारास मावळतो, आणि मधल्या वेळात आकाश पूर्ण काळं होतच नाही. आपल्याकडे दर्यावर्दी माणसाला अंधार सांगतो की आता पुरे. इथे कुणीच सांगत नाही. संध्याकाळी सात वाजता उन्हं अजून झाडांच्या शेंड्यांवर असतात, वारा मऊ झालेला असतो, पुढचं बेट आणखी चांगलं दिसतं. दोघं असतील तर त्यातला एक कंटाळतो आणि भांडण करून बोट थांबवतो. एकटीशी भांडायला कुणी नसतं. शरीर दमलेलं असतं ते कळतं बोट लावताना, म्हणजे नेमकं चुकीच्या वेळी.

एकटीच्या प्रवासातली सगळी परीक्षा असते ती बोट लावण्यात. खुल्या पाण्यात बोट शहाणी असते. जमीन जवळ आली की गडबड सुरू होते. म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

इथे धक्क्यावर बोट लावायची गरज नसते. स्वीडनमध्ये निसर्गात वावरण्याचा प्रत्येकाचा हक्क मानला जातो, १९९४ पासून तो राज्यघटनेतही लिहिलेला आहे. कुणाच्या घराच्या अगदी जवळ नसेल, पक्ष्यांसाठी राखीव नसेल, तर कुठल्याही बेटाला बोट बांधून एखाद-दोन रात्री राहता येतं. पैसे नाहीत, परवानगी नाही. पद्धत अशी: बेटाची वाऱ्यापासून आडोशाची बाजू शोधायची. आत्ताचा वारा नव्हे, रात्रीचा अंदाज बघायचा. खडक असा हवा की बोटीचं नाक त्याच्यापाशी पोचेपर्यंत खालची कील, म्हणजे बोटीच्या तळाचा जड कणा, कुठे टेकणार नाही. नांगर पिछाडीला असतो, चपट्या पट्टीच्या रिळाला जोडलेला. खडकापासून पंचवीस-तीस मीटरवर तो सोडायचा आणि मोटारीवर अगदी हळू पुढे जात राहायचं, पट्टी मागे सुटत जाते. मग नाकाजवळून दोर घेऊन खडकावर उतरायचं आणि तो झाडाला बांधायचा. झाड नसेल तर खडकाच्या भेगेत लोखंडी पाचर ठोकायची आणि तिच्या कडीला दोर अडकवायचा. बोट मागून नांगरानं आणि पुढून खडकानं धरलेली राहते, नाक खडकापासून हातभर दूर.

दोघांना हे काम सोपं आहे. एक मागे पट्टी सोडतो, एक पुढे दोर घेऊन उभा. एकटीला मागून पुढे जायला आठ मीटर चालायचं असतं, आणि त्या वेळात बोट रिकामी बसत नाही. वारा बाजूनं असला की नाक भरकटतं, नाक भरकटलं की पिछाडी शेजारच्या खडकाकडे निघते.

मला क्लबातल्या एका ऐंशीच्या घरातल्या बाईंनी जी युक्ती शिकवली ती अशी. खडक हातभर राहिला की नांगराची पट्टी खुंटीला घट्ट करायची, पण मोटार बंद करायची नाही. ती हळू पुढच्या गिअरमध्येच ठेवायची. मोटार बोटीला पुढे ढकलते, नांगर मागे धरतो, आणि त्या ताणात बोट सरळ उभी राहते. मग घाई न करता पुढे जायचं. दोर आधीच कठड्याच्या बाहेरून घेऊन ठेवलेला असतो, हातोडी आणि पाचर कमरेला. खडकावर उडी मारायची नाही, कठड्यावर बसून पाय खाली सोडायचा. ओल्या ग्रॅनाइटवर घसरून घोटा मोडला तर बोट तुमच्याशिवायही छान उभी राहील, पण फोन बोटीत राहिलेला असेल. दोर बांधून झाला की परत येऊन मोटार बंद. त्या बाईंनी मला शिकवताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केली. प्रत्येक खडकाजवळ आधी एक फेरी नुसतीच मारायला लावली, खोली बघत आणि मनातल्या मनात सगळं एकदा करून बघत. दुसऱ्या फेरीला खरं. आणि काही बिनसलं तर वाचवायला जायचं नाही, पट्टी ओढत मागे यायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. नांगर मागे असल्याचा हा मोठा फायदा आहे, परतीची वाट हातातच असते.

रोडलोगा बेटाला बोट लावली तेव्हा वारा खडकावरून तोंडावर येत होता, म्हणजे एकटीला हवा तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र बाहेर डोकं काढलं तर खडकच दिसेना. दक्षिणेकडून आलेली उबदार हवा अजून थंड असलेल्या पाण्यावर आली की या दिवसांत समुद्रावर धुकं धरतं, वर निळं आकाश आणि खाली पन्नास मीटरच्या पलीकडे काही नाही. बोटीच्या नाकावरचा दोर कुठेतरी पांढऱ्यात जात होता. अशा वेळी शिडाच्या बोटीनं दर दोन मिनिटांच्या आत भोंगा वाजवायचा असतो, एक लांब आणि दोन आखूड, असा नियम आहे. तो पाळून निघता आलं असतं. पण एकटीनं एका हातात भोंगा, एका हातात सुकाणू, डोळे नकाशाच्या पडद्यावर आणि कान जहाजांकडे, हे मला मान्य नव्हतं. मी स्टोव्ह साफ केला, मुगाची खिचडी लावली, काठाजवळून आयडर बदकाची मादी आपली तपकिरी पिल्लं घेऊन आवाज करत जात होती ती ऐकत बसले. दिसली नाहीत, फक्त ऐकू आली. दुपारी एकच्या सुमारास धुकं जसं आलं तसंच उचललं गेलं.

तिथून दक्षिणेला स्तूरा नासा. साधारण चारशे लहान बेटांचा आणि खडकांचा हा घोळका खुल्या समुद्राच्या तोंडाशी आहे, आणि नकाशावर तो पाहिला की कुणीतरी पेन झटकलं असं वाटतं. इथे वाट दाखवणाऱ्या खांबांच्या लाल-हिरव्या तरंगत्या खुणा जवळजवळ नाहीत. पडद्यावरचा नकाशा होताच, पण मी कागदी नकाशा मांडीवर घेऊन डाव्या हाताचा अंगठा त्यावर सरकवत गेले. प्रत्येक खडक मागे पडला की अंगठा पुढे. पडद्यावर बोट नेहमी मधोमध असते, त्यामुळे आपण कुठे आहोत हे शोधायचं कष्ट मेंदू घेत नाही, आणि पडदा बंद पडला की मेंदूही बंद पडतो. अंगठा असा दगा देत नाही. नकाशावर सहा मीटरच्या रेषेच्या आतला भाग निळा छापलेला असतो, अधिक चिन्ह म्हणजे पाण्याखालचा खडक. वेग दोन गाठींवर, मोठं शीड उतरवलेलं, फक्त पुढच्या शिडावर.

काही खडकांवर पिवळ्या पाट्या होत्या. बहुतेक राखीव जागांवर १५ ऑगस्टपर्यंत उतरायला आणि जवळ जायला बंदी असते, कारण पक्षी अंड्यांवर असतात. पाटी नसलेल्या खडकावरही सुरय पक्ष्यांनी घरटं केलं असेल तर ते स्वतःच बंदी घालतात. डोक्यावर सरळ सूर मारतात, चोचीसकट. मी एका छान आडोशाच्या जागेवरून त्यांच्यामुळे दोर सोडवून निघाले आणि अर्धा तास लांब दुसरीकडे गेले. त्यांचा मोसम फार छोटा असतो, माझी रात्र कुठेही गेली असती. गवतातून चालताना गोचिडांचं बघावं लागतं, त्यांच्यापासून होणाऱ्या मेंदूज्वराची लस इकडे बेटांवर जाणारे बहुतेक जण घेतात.

सांडहाम्नबद्दल फार लिहीत नाही. शिडाच्या बोटींच्या स्वीडिश शर्यतींचं ते मोठं ठिकाण आहे, जुलैत चालायला जागा नसते. जूनच्या सुरुवातीला अर्धा धक्का रिकामा होता. शौचालयाची टाकी रिकामी केली (हौशी बोटींना शौचालयाची घाण समुद्रात सोडायला २०१५ पासून बंदी आहे, आणि हा कायदा किनारपट्टी असलेल्या प्रत्येक देशानं उचलावा), पाणी भरलं, गरम शॉवर घेतला आणि बुल्लेरोच्या बाजूला निघाले. पक्ष्या-प्राण्यांची चित्रं काढणारे ब्रूनो लिल्येफोर्स यांच्या मालकीचं हे बेट एके काळी होतं. इथला उजेड बघितला की चित्रकारानं बेट का घ्यावं ते कळतं.

शेवटचा टप्पा ऊतो बेटाचा. दुपारी वारा अंदाजापेक्षा आधीच वाढला, शीड आखडून लहान करायची वेळ आली. मी बोट मघाशी सांगितल्याप्रमाणे समुद्रात उभी केली, शीड आखडलं, दोन बिस्किटं खाल्ली आणि पुढे निघाले. ऊतोच्या गावात अतिथी धक्का आहे, त्यामुळे त्या रात्री पाचर-हातोडीची गरज पडली नाही. बाजूच्या मोठ्या बोटीवरच्या जोडप्यातल्या बाईंनी दोर झेलला आणि त्यांच्या पहिल्याच वाक्यात विचारलं की बाकीचे आत झोपलेत का.

ऊतोला मध्ययुगापासून लोखंडाच्या खाणी होत्या, १८७९ साली त्या बंद झाल्या. आता खड्ड्यांत पाणी साठलेलं आहे, काठाला कुंपण आहे. याच खाणीतल्या पेटलाइट नावाच्या दगडातून १८१७ साली योहान आउगुस्त आर्फवेडसन यांनी लिथियम हे मूलद्रव्य शोधलं. मी त्या खड्ड्याच्या काठावर उभी राहून फोनवर हवामान बघत होते, आणि फोनची लिथियमची बॅटरी सहा टक्क्यांवर होती.

अंदाज होता नैर्ऋत्येकडून, सेकंदाला १४ मीटर, दोन दिवस. मला जायचं होतं नेमकं त्याच दिशेला. बोटीला दोन जादा दोर लावले, फोन चार्जिंगला टाकला आणि ऊतोच्या बेकरीतून इथला प्रसिद्ध गोडसर पाव आणला. त्यावर हर्णैहून आलेली सुक्या जवळ्याची चटणी. शेजारच्या बाई वासानं कठड्यापाशी आल्या, हा कुठला मासा म्हणून विचारलं. मी डबा पुढे केला. त्यांनी चमचाभर घेतला, डोळे पुसले, आणि नवऱ्याला हाक मारून बाहेर बोलावलं.